पाऊस ओसरला की कुंडीतली झाडं माना का टाकतात: तपासणी आणि उपाय

जून ते सप्टेंबर झाड टवटवीत असतं. पानं रुंद, शेंडे कोवळे, कुठं काही बिघडल्याची खूण नाही. मग हस्ताचा पाऊस उघडतो, आभाळ निवळतं, चार दिवस कडक ऊन पडतं आणि एका दुपारी तेच झाड मान टाकून उभं असतं. माती हाताला ओली लागते. तरी घरातलं कुणीतरी तांब्याभर पाणी घालतंच, कारण कोमेजलेलं झाड म्हणजे तहानलेलं झाड हे मनात पक्कं बसलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पानं आणखी लोळतात, पुन्हा पाणी पडतं. आठवड्याभरात झाड जातं आणि खापर ऑक्टोबरच्या उन्हावर फुटतं.

ऊन हे फक्त शेवटचं निमित्त असतं. मुळं जुलै-ऑगस्टमध्येच कुजायला लागलेली असतात, ते वरून दिसत नाही इतकंच. म्हणून या दिवसांत एक नियम पाळायचा: माती ओली आणि झाड कोमेजलेलं, अशी जोडी दिसली की पाणी पूर्ण थांबवायचं आणि मुळं बघायची. पाणी, खत, फवारा, सगळं त्यानंतर.

मातीखाली काय घडतं

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती मातीची अवस्था कुंडीलाही लागते. मातीच्या कणांना ओल चिकटलेली आणि कणांमधल्या पोकळीत हवा, असं असलं की मुळं नीट चालतात. पावसाळ्यात कुंडी दिवसचे दिवस पाण्यानं भरलेली राहते. हवेला जागाच उरत नाही. पाणी आणि खतं शोषण्याचं काम केसासारखी बारीक पांढरी मुळी करते आणि प्राणवायू न मिळाल्यामुळं आधी तीच मरते. मेलेल्या मुळीवर पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युजेरियम यांसारख्या बुरशी बसतात आणि तिथून कूज जाड मुळांकडं सरकते.

एवढं होऊनही झाड हिरवं राहतं, कारण पावसाळी हवा दमट असते. पानांतून पाणी फारसं उडत नाही, त्यामुळं उरलेल्या थोड्या मुळांवर झाडाचं भागतं. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्याच्या आगेमागे हवा कोरडी होते, दुपारचं तापमान ३३-३५ अंशांवर जातं आणि पानांची पाण्याची मागणी अचानक वाढते. मुळांकडं तेवढी ताकद उरलेली नसते. देशावर हवा लवकर कोरडी पडते, म्हणून तिथं झाड एकदम कोसळतं. कोकणात आणि मुंबईत दमटपणा जरा रेंगाळतो, तिथं तेच झाड दहा-पंधरा दिवस रडत-कढत टिकतं आणि मग जातं.

गॅलरीतल्या झाडांबाबत आणखी एक गोष्ट जुळून येते, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेकडच्या गॅलरीत दुपारचं थेट ऊन येत नाही. नंतर सूर्य दक्षिणेकडं सरकत जातो आणि ऑक्टोबरच्या मध्याला मुंबईत तो भर दुपारी क्षितिजापासून सुमारे ६३ अंशांवर, दक्षिणेला असतो. मग ऊन सरळ गॅलरीत शिरतं. चार महिने सावलीत आणि ढगाखाली वाढलेली मऊ पानं ते सोसू शकत नाहीत. कुंडीची जागा तीच, पण तिचं हवामान बदललेलं असतं.

तपासणी कशी करायची

पहिली तपासणी सकाळी ७ च्या आत. दुपारी लोळलेलं झाड सकाळी ताठ उभं असेल, तर मुळं जिवंत आहेत. त्यांना मागणी पुरी करणं जड जातंय एवढंच. सकाळीही माना खालीच असतील, तर मामला मुळांचा किंवा खोडाचा आहे.

मग बोट दोन पेरं, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर मातीत घाला. वरची माती सुकलेली आणि खाली चिखल, हे या दिवसांत नेहमीचं. म्हणून नुसतं वरून बघून काही ठरवू नका. कुंडी थोडी उचलून वजन बघा. पाणी घालून दोन दिवस झाले तरी कुंडी तितकीच जड लागत असेल, तर झाड पाणी पीत नाही. तळाच्या भोकाशी नाक नेऊन वास घ्या. निरोगी मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो, कुजलेल्या कुंडीला गटारासारखा.

यानंतर झाड कुंडीबाहेर काढावंच लागतं, आणि लोक इथंच कचरतात. आठ-दहा इंची कुंडी असेल, तर एका हाताची बोटं खोडाच्या दोन्ही बाजूंनी मातीवर ठेवा, कुंडी आडवी करा, कडेला दोन-तीन थापा मारा आणि मुळांचा गोळा अलगद ओढून घ्या. खोड धरून हिसका द्यायचा नाही. कुंडी मोठी असेल तर कडेनं खुरप्यानं १०-१२ सेंटिमीटर खोल खड्डा करून तिथली मुळं बघितली तरी चालतं.

निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि कडक असतात. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं, लिबलिबीत असतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते. आत सुतळीसारखा दोरा उरतो. ही खूण बघितली की पुढं शंका घ्यायचं कारण नाही.

खोडाचा मातीलगतचा भागही बघून घ्या. तिथं कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम बुरशीची खोडकूज आहे. मिरची, टोमॅटो, झेंडू, शेवंती यांच्यावर ती पाऊस सरता सरता हमखास येते. तसं झाड वरच्या मातीसकट पिशवीत भरून कचऱ्यात टाका. ते कंपोस्टमध्ये गेलं तर ते दाणे पुढची काही वर्षं तिथंच राहतील.

टोमॅटो, वांगी, मिरची एका रात्रीत हिरवीच्या हिरवी कोमेजली असतील, तर पाण्याच्या ग्लासची परीक्षा करा. मातीजवळच्या खोडाचा ५-७ सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात त्याचं टोक बुडेल असा धरून ठेवा. काही मिनिटांत कापातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर तो जिवाणूजन्य मर रोग. त्याला घरगुती किंवा रासायनिक, कुठलाच खात्रीचा इलाज नाही. झाड काढा, कात्री स्पिरिटनं पुसा आणि त्या मातीत पुन्हा वांगी-टोमॅटो लावू नका. धागे आले नाहीत, पण खोड उभं चिरल्यावर आतल्या नळ्या तपकिरी दिसल्या, तर फ्युजेरियमची मर समजायची. तिथंही झाड काढणंच बरं.

मुळं कुजली असतील तर

किती मुळं शिल्लक आहेत यावर सगळं ठरतं.

एक तृतीयांशापेक्षा कमी कूज असेल, तर झाड कुंडीतून काढून पुन्हा लावायची गरज नाही. कुंडी सावलीत घ्या, खालची ताटली काढून टाका आणि कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवा, म्हणजे तळाशी दोन-तीन सेंटिमीटर मोकळी हवा राहील. तळाचं भोक जाड तारेनं किंवा स्क्रूड्रायव्हरनं मोकळं करा. चार महिन्यांत तिथं मुळं आणि गाळ यांचा बूच बसलेला असतो आणि पुष्कळदा सगळ्या दुखण्याचं मूळ तो बूचच निघतो. वरची ३-४ सेंटिमीटर माती खुरप्यानं हलवा. पेन्सिलीएवढ्या जाड काडीनं कडेकडेनं पाच-सहा खोल छिद्रं पाडा, हवा आत जाईल. पाणी चार-पाच दिवस बंद. माती वाफशावर आली की ट्रायकोडर्माची आळवणी करा, म्हणजे ती पाण्यात कालवून मुळाशी ओता; प्रमाण पुढं दिलं आहे.

अर्ध्याच्या आसपास मुळं गेली असतील, तर शस्त्रक्रिया करावी लागते. काम संध्याकाळी ५ नंतर करा.

१. मुळांचा गोळा घमेल्यात साध्या पाण्यानं धुवा. नळाची जोरदार धार नको.
२. स्पिरिट लावलेल्या कात्रीनं सगळी तपकिरी मुळं पांढऱ्या भागापर्यंत छाटा. कापल्यावर आत तपकिरी ठिपका दिसला तर आणखी एक सेंटिमीटर मागं या.
३. जितकी मुळं गेली तितका वरचा पसाराही कमी करा. अर्धी मुळं गेली असतील तर फांद्यांचा निदान एक तृतीयांश भाग, शिवाय सगळ्या कळ्या आणि फुलं. कळ्या खुडताना जीव तुटतो, पण त्या ठेवल्या तर झाड मुळं सोडून त्यांनाच पोसतं.
४. लिटरला २.५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) मिसळलेल्या पाण्यात मुळं १० मिनिटं बुडवा. हातमोजे घाला, नाकातोंडावर फडकं बांधा आणि पाकिटावरच्या सूचना वाचूनच हे करा.
५. आधीच्यापेक्षा एक आकार लहान कुंडी घ्या. १२ इंची होती तर १०. मुळं कमी आणि माती जास्त झाली तर जादा माती ओलीच राहते आणि पुन्हा तोच फेरा सुरू होतो.
६. नवी, कोरडसर माती भरून एकदाच पाणी द्या, भोकातून बाहेर येईपर्यंत. त्यानंतर वरची ५ सेंटिमीटर माती सुकल्याशिवाय थेंबही नाही.

नवी माती म्हणजे दोन भाग पोयटा किंवा तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भाताचं तूस किंवा विटांचा भरड चुरा. देशावरची काळी माती कुंडीत एकटी वापरू नका. ती ओली झाली की फुगून चिकट होते, सुकली की आक्रसते आणि तिच्या भेगांत बारीक मुळं तुटतात. कुंडीच्या आणि मातीच्या मध्ये फट पडून पाणीही कडेनंच निघून जातं.

कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे किंवा खडी अंथरली की निचरा सुधारतो, ही समजूत फार जुनी आहे आणि चुकीची आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही; ते थराच्या वरच्या सीमेवर अडकून राहतं. म्हणजे खडीनं पाणथळ भाग खाली जायच्या ऐवजी मुळांजवळ वर येतो, शिवाय मातीची जागाही जाते. भोकातून माती वाहू नये म्हणून एक खापरी पालथी ठेवा किंवा नायलॉनच्या जाळीचा तुकडा टाका, तेवढं बस्स. निचरा सुधारायचा तर सगळ्या मातीत तूस किंवा चुरा मिसळावा लागतो.

मुळं जवळजवळ सगळी गेली असतील, तर त्या झाडामागं वेळ घालवू नका. खोडाचा वरचा भाग अजून हिरवा आणि कडक असेल तर जास्वंद, गुलाब, तुळस यांच्या १५ सेंटिमीटरच्या काड्या घेऊन नवी रोपं करा. ऑक्टोबरचा उत्तरार्ध त्यासाठी बरा असतो.

छाटणीनंतर ८-१० दिवसांनी ट्रायकोडर्माची आळवणी करता येते: लिटरला ५ ग्रॅम, दहा इंची कुंडीला अर्धा लिटर. ती जिवंत, उपकारक बुरशी आहे. तांब्याचं औषध आणि ट्रायकोडर्मा एकाच दिवशी दिले तर औषध तिलाच मारतं, म्हणून हे अंतर पाळायचं. पाकिटावरची मुदत बघा. मुदत संपलेलं पाकीट म्हणजे नुसती भुकटी. आळवणीच्या वेळी माती दमट हवी, आणि वेळ संध्याकाळचीच.

खत तीन आठवडे नाही. युरियाची चिमूट नाही, डीएपीचे दाणे नाहीत, चहाचा चोथा नाही, कांद्याच्या सालींचं पाणी नाही. आजारी मुळं क्षार पेलू शकत नाहीत, आणि कच्चा ओला कचरा कुजताना मातीतला उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतो. १५ ते २५ दिवसांत डोळे फुगून नवी कोवळी फूट दिसली की पांढरी मुळी पुन्हा चालू झाली असं समजा. तेव्हा मूठभर गांडूळखतानं सुरुवात करा.

मुळं पांढरी आहेत, तरी झाड कोमेजतं

मग उरतात चार कारणं.

पहिलं ऊन. सकाळी ताठ, दुपारी मलूल, आणि दक्षिण किंवा पश्चिम बाजूच्या पानांवर कागदासारखे भाजलेले डाग, अशी त्याची खूण. ३५ ते ५० टक्क्यांची हिरवी जाळी दुपारी ११ ते ४ या वेळेपुरती दहा-पंधरा दिवस बांधा आणि नंतर काढून टाका. कायम बांधून ठेवली तर फळभाज्या आणि गुलाब फुलणार नाहीत. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू एवढी तापते की त्या बाजूची मुळं होरपळतात. गोणपाट गुंडाळा किंवा पुढं रिकामी मातीची कुंडी आडोशाला ठेवा.

दुसरं, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पावसाळाभर भिजलेलं कोकोपीट ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण सुकलं की पाणी झिडकारतं. तुम्ही घातलेलं पाणी कडेनं घसरून सेकंदात भोकातून बाहेर येतं, तुम्हाला वाटतं कुंडी भिजली, आणि मुळांचा गोळा आत ठणठणीत कोरडा असतो. अशी कुंडी वजनाला अगदी हलकी लागते. ती अर्धा तास पाण्याच्या टबात, कडेच्या जरा खालपर्यंत पाणी येईल अशी बसवून ठेवा. बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. ओल्या मातीसाठी हा उपाय केलात तर झाड माराल, म्हणून आधी वजन बघायचं.

तिसरं, हुमणी. पहिल्या पावसात भुंगेरे बाहेर पडतात, मातीत अंडी घालतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये अळ्या मोठ्या होऊन मुळं कुरतडत असतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून त्या कुंडीत येतात. झाड हलवलं तर सैल लागतं, कधीकधी सहज उपटून हातात येतं आणि मुळं तुटलेली दिसतात. माती कागदावर ओतून बोटांनी चाळा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरी जाड अळी सापडेल. एका कुंडीत एक सापडली तर आणखी असणार असं धरून सगळी माती चाळा. मोठ्या वाफ्यासाठी मेटाऱ्हायझियम बुरशीची आळवणी करतात, पण कुंडीपुरतं हातानं वेचणं सगळ्यात खात्रीचं.

चौथं, सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. भेंडी, टोमॅटो, वांगी, दोडका यांची वाढ खुंटते, दुपारी झाड लोळतं आणि मुळांवर गाठी गाठी दिसतात. घेवडा, चवळी, वाल यांच्या मुळांवरही गाठी असतात, त्या घाबरून उपटू नका. त्या नत्राच्या उपकारक गाठी. नखानं टोकरल्या की सुट्ट्या होतात आणि फोडल्या तर आत गुलाबी असतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती वेगळी निघत नाही. वाफ्यात पुढचं पीक म्हणून दाट झेंडू लावा, आणि कुंडी पुन्हा भरताना दहा इंची कुंडीला ५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा.

पानं पिवळी पडत असतील

चार महिन्यांच्या पावसानं नत्र आणि पालाश धुऊन गेलेले असतात. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे: दहा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत, किंवा शेंगदाण्याची पेंड ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, दहापट पाणी मिसळून अर्धा लिटर. सुकी पेंड तशीच मातीवर टाकली की मुंग्या आणि बुरशी येतात.

नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता. लिंबू, मोगरा, जास्वंद यांच्यावर ती पटकन दिसते, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत किंवा बोअरचं जड पाणी वापरत असाल तर. चिलेटेड लोह अर्धा ग्रॅम प्रतिलिटर, सकाळी पानांवर, दहा दिवसांनी पुन्हा. पण माती चिबड असतानाही हेच लक्षण दिसतं, कारण मुळं लोह उचलत नाहीत. निचरा न सुधारता नुसते फवारे मारत बसलात तर पिवळेपणा परत येतो.

पिठ्या ढेकूण आणि भुरी

पाऊस थांबला की हे दोघं येतातच. पिठ्या ढेकणांना पावसाचा मारा सोसत नाही. तो संपला की जास्वंदीच्या शेंड्यांत कापसाचे पुंजके दिसू लागतात, शेंडे चुरगळतात, कळ्या गळतात, खालच्या पानांवर चिकटा पडतो आणि त्यावर काजळी चढते. मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर ढेकूण दिसायच्या आधीच सावध व्हा. चिकट्यासाठी मुंग्या त्यांना जपतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवणं किंवा खोडाभोवती रुंद चिकटपट्टी उलटी गुंडाळून तिला व्हॅसलीन लावणं, यांनी रांग तुटते.

पुंजके असलेले शेंडे छाटून पिशवीत बंद करा. उरलेल्यांवर आधी पाण्याची जोरदार धार, मग लिटरला ५ मिलि नीम तेल आणि १ मिलि पातळ साबण. साबण आधी पाण्यात, मग तेल, मग जोरात हलवून लगेच फवारणी. मिश्रण तासभर ठेवलं की तेल वर तरंगतं आणि तेच पानं भाजतं. उन्हं उतरल्यावर, पानांच्या खालून आणि फांद्यांच्या बेचक्यांत. दर सात दिवसांनी, निदान तीन वेळा. एक फवारणी करून थांबणं हेच ते परत येण्याचं मोठं कारण, कारण मेणचट आवरणातली अंडी पहिल्या फवाऱ्यातून वाचतात आणि आठवड्याभरात नवी पिल्लं फिरायला लागतात. घरी निंबोळी असेल तर लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, तो ५ टक्क्यांचा अर्क त्याच दिवशी वापरा.

भुरी थंड सकाळ आणि कोरडी दुपार या जोडीवर वाढते. काकडी, दोडका, भोपळा, गुलाब यांच्या पानांवर पिठासारखे डाग येतात. सुरुवातीला डागाळलेली पानं काढा आणि एक भाग दूध, नऊ भाग पाणी सकाळच्या उन्हात फवारा. पसरली असेल तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम. दोन अटी मात्र पाळायच्या: तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारायचं नाही, आणि नीम तेलानंतर दोन आठवडे तर मुळीच नाही. दोन्ही चुकांनी पानं करपतात. वेलभाज्यांची पानं गंधकाला नाजूक, म्हणून आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा.

काही झाडांचं वेगळं

तुळशीच्या बाबतीत अडचण बहुतेक वेळा रोजच्या पूजेच्या पाण्याची असते. वृंदावनाला भोकच नसतं किंवा सिमेंटनं बुजलेलं असतं, आणि घरातले तिघं तीन तांबे ओततात. पूजेला पळीभर पाणी पुरतं. दुधाचा हात मुळाशी लागू देऊ नका. मंजिऱ्या सुकायच्या आधी खुडा, नाहीतर झाड बी करून म्हातारं होतं. आता नीट केलेली तुळस कार्तिकात, लग्नापर्यंत भरून येते.

गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. परतीचा पाऊस चालू असताना कापलेल्या टोकांतून फांद्या वरून खाली काळ्या पडत जातात. बाहेरच्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप घ्या आणि टोकांना कॉपर ऑक्सिक्लोराइडचा पाण्यात कालवलेला दाट लेप लावा. ४५ दिवसांच्या आसपास फुलं येतात. मोगरा मात्र आता छाटायचा नाही, त्याची वेळ थंडी सरताना.

अडेनियमचं बुड दाबून बघा. मऊ लागलं तर लगेच उपटा, कुजका गर कडक पांढऱ्या भागापर्यंत कापून काढा, कापलेल्या जागी बुरशीनाशकाची भुकटी लावा आणि सावलीत उलटं टांगून सहा-सात दिवस सुकवा. मगच वाळू-चुऱ्याच्या मातीत लावा, आणि पहिला आठवडा पाणी नाही.

कोथिंबीर उगवत नाही ही याच दिवसांतली आणखी एक तक्रार. तिथं रोग नाही, माती तापलेली आहे. धणे रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि रात्री गारवा जाणवायला लागला की, म्हणजे दिवाळीच्या सुमारास पेरा. मेथी आणि पालक आठवडाभर आधी चालतात.

पुढच्या वर्षासाठी तारखा

मे अखेर: सगळ्या कुंड्यांची भोकं मोकळी करा. दहा इंची कुंडीला तळाशी आणि तळालगत बाजूला मिळून करंगळी जाईल अशी चार भोकं हवीत. दोन वर्षं न बदललेली माती बसून घट्ट झालेली असते, तिच्यात चौथा भाग तूस मिसळा. रोगट झाडांची माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे पसरून ठेवा.

जून: ताटल्या काढून ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास आठ-दहा दिवसांत पुरी होते, तेही एक कारण आहे. कुंड्या विटांवर. ट्रायकोडर्माची पहिली आळवणी इथंच, कूज लागायच्या आधी, दुसरी ऑगस्टमध्ये.

ऑगस्टचा शेवट, श्रावण सरताना उघडीप मिळाली की: प्रत्येक कुंडीचं भोक पुन्हा तपासा आणि वरची माती हलवा. पाऊस सलग आठवडाभर असेल तर अडेनियम, शेवंती आणि मिरची छपराखाली घ्या.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा: दक्षिणेकडच्या गॅलरीतली कुंडी रोज अर्धा तास जास्त ऊन मिळेल अशी सरकवत न्या. हस्ताच्या पावसानंतर लगेच रोजचं पाणी सुरू करू नका. परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करून येतो आणि तासाभरात कुंडी पुन्हा भरून जातो, म्हणून पाणी सकाळी, ८ च्या आत, बोट घालून बघूनच. माती सुकलेली असेल तर दहा-बारा इंची कुंडीला एक ते दीड लिटर, भोकातून बाहेर येईपर्यंत. नसेल तर झारी भिंतीशी तशीच ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट घाला.